मालवणचा एक दिवस : तिथीच्या हिशेबाने

भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या बंदरगावांना एका दिवसाची धावती भेट देण्याची रीत युरोपात आता इतकी रुळली आहे, की क्रोएशियातील दुब्रोव्हनिक या तटबंद शहराला प्रवासी जहाजांतून उतरणाऱ्या माणसांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. या गावांची ठेवण बहुधा सारखी असते : समुद्राला भिडलेला दगडी तट, तटाच्या आत अरुंद गल्ल्यांचे गाव आणि गावाच्या पायथ्याशी बंदर, त्यामुळे सकाळी वेशीतून आत शिरणे, तटावरून फेरी मारणे, दुपारी बंदरावर मासळीचे जेवण घेणे आणि दिवेलागणीला परत फिरणे, असा दिवसभराचा क्रम तिथे आपोआप लागतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा एका दिवसाच्या भेटीला योग्य गाव कोणते, असे विचारल्यास सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचे नाव प्रथम घ्यावे लागेल. मात्र तिथे हा क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण मालवणची मांडणीच उलटी आहे. तिथे तट पाण्यात आहे, गाव तटाबाहेर उघड्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत वसलेले आहे, आणि दोहोंच्या मध्ये पाण्याखालच्या खडकांनी भरलेला समुद्राचा पट्टा आहे.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. भूमध्य समुद्राला बाहेरच्या महासागराशी जोडणारे तोंड चिंचोळे असल्यामुळे त्याच्या बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटी जेमतेम जाणवते आणि तिथला प्रवासी दिवस आखताना तिचा विचारही करत नाही. मालवणात मात्र उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी सुमारे दोन मीटर चढते आणि तितकेच उतरते, आणि या चढउतारावर होडी कुठे लागेल, कोणता खडक उघडा पडेल, रापणीचे जाळे कधी ओढले जाईल आणि पुळणीवर चालायला किती जागा उरेल, हे सारे ठरते. मालवणला एका दिवसासाठी येणारे बहुतेक पर्यटक ‘पाहण्याची ठिकाणे’ अशी यादी हातात घेऊन येतात. ती यादी बाजूला ठेवून तिथी पाहून दिवस आखला, तर एका दिवसातही हे गाव पुष्कळसे उलगडते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची रीत सोपी आहे. पंधरवड्यातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की येणारे उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची अदमासे वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून सकाळी आणि रात्री अकरा-साडेअकराला भरती, आणि तिच्या साधारण सव्वासहा तास आधी-नंतर ओहोटी. या रीतीचे मूळ चंद्राच्या गतीत आहे : चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा माथ्यावर येतो, तेवढीच भरतीही रोज पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांच्या ओढी एकमेकींना काटकोनात येत असल्यामुळे पाण्याचा चढउतार कमी राहतो आणि अशा भरतीला ‘भांगाची भरती’ म्हणतात. ती ‘उधाणा’च्या नेमकी उलट. सरकारी वेळापत्रके मिनिटापर्यंत अचूक असतात हे खरे, पण पाऊणपटीचा हिशेब तोंडी होतो आणि एका दिवसाच्या प्रवाशाची गरज तेवढ्याने भागते.

पाण्याबरोबर वाऱ्याचाही विचार करावा लागतो. पावसाळा संपल्यावर रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून पाण्याकडे मंद वारा वाहू लागतो. त्याला ‘मतलई’ म्हणतात. दुपारनंतर जमीन तापली की वारा उलटतो आणि समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो. शिडाच्या होड्यांच्या काळात मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारच्या वाऱ्यावर घरी यायचे, असा दर्यावर्दींचा दिनक्रम होता. आता होड्यांना इंजिने बसली, तरी सकाळी पाणी सपाट असते आणि दुपारी लाटा उठतात, ही गोष्ट बदललेली नाही. किल्ल्यावर जाण्यासाठी सकाळची वेळ निवडावी ती याच कारणाने, केवळ ऊन टाळण्यासाठी म्हणून नव्हे.

त्याही आधीचा पहाटेचा एखादा तास चिवला किंवा दांडी येथील किनाऱ्याला द्यावा. या किनाऱ्यांवर रापण ओढली जाते. रापण म्हणजे काठावरून ओढायचे लांबलचक जाळे. त्याचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी पाण्यात मोठा अर्धवर्तुळाकार फेर घेते आणि जाळे सोडत सोडत दुसरे टोक काही अंतरावर पुन्हा काठाला आणून देते. मग दोन्ही टोकांचे दोर दोन रांगा धरतात आणि टाचा वाळूत रोवून ते ओढतात. हे काम दोन-तीन तास चालू शकते. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात आणि अखेरीस जाळ्याची मधली झोळी पाण्याच्या कडेला आली की तारली, पेडवे, बांगडे, सौंदाळे, कधी एखादे मोठे पाखट अशी सरमिसळ मासळी वाळूवर तडफडू लागते. रापण एका माणसाच्या मालकीने चालत नाही. रापणकरांचा संघ असतो, होडीला, जाळ्याला आणि हातांना वाटे ठरलेले असतात, आणि दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही आपला वाटा मिळतो. गाबीत समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली ही पद्धत आता आक्रसत चालली आहे, आणि त्यामागे समुद्रातले यांत्रिक स्पर्धक हे मोठे कारण आहे. पर्ससीन नावाचे जाळे खोल पाण्यात माशांच्या अख्ख्या थव्याभोवती टाकून खालून बटव्याच्या नाडीसारखे आवळले जाते, त्यामुळे काठापर्यंत येऊ शकणारा थवा वाटेतच संपतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, प्रखर दिवे लावून रात्री मासळी गोळा करण्याला केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही या प्रश्नावरून मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांची आंदोलने थांबलेली नाहीत. रापणीचे चित्र मोबाइलमध्ये घेणाऱ्याला ही पार्श्वभूमी ठाऊक असावी. दोराला हात लावण्याची इच्छा झालीच, तर रापणकर बहुधा नाही म्हणत नाहीत.

दांडीच्याच बाजूला किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ नावाचा खडक आहे. त्यावर गणपती, शिवलिंग, चंद्र आणि सूर्य कोरलेले असून, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी करण्यापूर्वी शिवाजी महाराजांनी या ठिकाणी पूजा केली, अशी परंपरा आहे. बहुतेक पर्यटक थेट धक्क्यावर जाऊन होडीत बसतात आणि हा धोंडा त्यांच्या नजरेआड राहतो. किल्ल्याची जागा का निवडली गेली हे समजून घ्यायला मात्र याहून चांगली जागा नाही, कारण इथे उभे राहिल्यावर समोर किल्ला, शेजारी पद्मगडाचे छोटे बेट, उत्तरेला राजकोट आणि मधल्या पाण्यात फेसाळणारे खडक, हे सारे एका नजरेत येते.

जागेच्या निवडीमागचे राजकारण थोडक्यात असे. सतराव्या शतकाच्या मध्यास कोकण किनाऱ्यावर दक्षिणेला गोव्याचे पोर्तुगीज आणि उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी अशी दोन सागरी सत्ताकेंद्रे होती. पोर्तुगीज तर समुद्रावर आपलाच हक्क मानत आणि आपल्याकडून ‘कार्ताझ’, म्हणजे जहाज हाकारण्याचा परवाना, घेतल्याशिवाय कोणाला व्यापार करू देत नसत. जंजिऱ्याचा जलदुर्ग हाती येत नाही हे दिसल्यावर, आपल्या ताब्यातील किनाऱ्यावर तोडीस तोड जलदुर्ग उभा करणे हा एक मार्ग उरत होता. १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर स्वारी झाली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर पाया घातला गेला, आणि लगेच पुढच्या फेब्रुवारीत महाराज स्वतः मालवणहून आरमार घेऊन कर्नाटक किनाऱ्यावरील बसरूरवर गेले. या तिन्ही घटना एकामागोमाग ठेवून पाहिल्या की किल्ला हा केवळ बचावाचा विचार नव्हता, हे स्पष्ट होते. बांधकाम १६६७ मध्ये पुरे झाले आणि त्याचे श्रेय परंपरेने हिरोजी इंदुलकर यांना दिले जाते. एकटा किल्लाच बांधला गेला असेही नाही. पद्मगड, राजकोट आणि कोळंब खाडीच्या तोंडाशी असलेला सर्जेकोट या लहान दुर्गांनी मुख्य किल्ल्याच्या आजूबाजूचे पाणी राखले जाई. पद्मगडाच्या आडोशाला जहाजबांधणी होत असे आणि ओहोटीच्या वेळी दांडीच्या बाजूने तिथवर जवळजवळ चालत जाता येते. एक दिवसाच्या प्रवाशाला तिथी अनुकूल मिळाली, तर ही वाट चुकवू नये. मात्र पाणी वळले की परतीची घाई करावी, कारण भरती कोणाची वाट पाहत नाही.

मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यावर जायला होडीला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. अंतर एवढे थोडे असूनही होडी सरळ रेषेत जात नाही. नावाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळण घेत, पाण्याच्या रंगावरून खाली काय आहे ते ओळखत जातो. हीच या दुर्गाची पहिली तटबंदी. तळ खोल असलेले परके जहाज या पट्ट्यात शिरले तर खडकावर आदळणार, आणि वाटाड्याशिवाय शिरणार नाही तर तोफांच्या माऱ्याबाहेर ताटकळणार, असा हा पेच होता. होडी जवळ जाते तरी किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. दोन बुरूज एकमेकांना जवळजवळ झाकतील असे पुढे आले आहेत आणि त्यांच्या बगलेत, वळून आत गेल्यावरच महाद्वार समोर येते. या बांधणीला ‘गोमुखी’ म्हणतात. दारावर चाल करून येणाऱ्याला हत्ती किंवा ओंडका घेऊन धावायला सरळ जागा मिळू नये आणि तो वळत असताना दोन्ही बाजूंनी त्याच्यावर मारा करता यावा, हा तिचा हेतू. शिवकालीन दुर्गरचनेचे हे वैशिष्ट्य डोंगरी किल्ल्यांवरही दिसते, पण इथे होडीतून उतरल्या उतरल्या ते अनुभवाला येत असल्यामुळे अधिक पटते.

दरवाजातून आत गेल्यावर दोन छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे जपून ठेवलेले आहेत आणि ते महाराजांचे मानले जातात. मार्गदर्शक मंडळी प्रत्येक पर्यटकाला तिथे थांबवतात, ते योग्यच आहे. पण होडीवाले परतीसाठी साधारण तासाभराची मुदत देत असल्यामुळे बहुतेकांचा वेळ ठसे, मंदिरे आणि विहिरी यांतच संपतो आणि किल्ल्याचा खरा जीव असलेला तट पाहायचा राहून जातो. परतीची वेळ होडीत बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावी आणि निदान अर्धा तास तटासाठी राखावा. सुमारे ४८ एकरांच्या बेटाच्या कडेने हा तट नागमोडी वळणे घेत सुमारे तीन किलोमीटर धावतो; त्याची उंची सुमारे ३० फूट आणि रुंदी सुमारे १२ फूट असून त्यात चाळीसहून अधिक बुरूज आहेत. वळणे सौंदर्यासाठी घेतलेली नाहीत. सरळ भिंतीच्या पायथ्याशी पोचलेला शत्रू वरच्या शिपायाला दिसत नाही, मात्र भिंत आतबाहेर वळवली की प्रत्येक बुरुजावरून शेजारच्या बुरुजाचा पायथा टप्प्यात येतो. शिवाय पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी लाटांचा धक्का एका लांब सपाट पृष्ठावर बसण्याऐवजी विभागला जातो. पायाचे दगड बसवताना शिशाचा रस ओतला गेल्याचे जुने वृत्तान्त सांगतात. ते किती ठिकाणी आणि किती प्रमाणात, हा अभ्यासकांचा विषय. साडेतीनशेहून अधिक पावसाळे झेलूनही तटाचा बराच भाग अजून जागेवर आहे, ही वस्तुस्थिती कोणालाही पाहता येते. तटातच शिपायांसाठी शौचकूपांची सोय केलेली आहे आणि ती पाहून सतराव्या शतकातील स्थापत्याविषयीच्या आपल्या पुष्कळ कल्पना सुधारून घ्याव्या लागतात.

बेटावर गोडे पाणी कसे, हा प्रश्न प्रत्येक पर्यटक विचारतो. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी इथे आहेत (बाव म्हणजे विहीर). त्यांचे पाणी गोडे आहे, आणि यात चमत्कार नाही. दक्षिण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेटावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर त्याचा थर तरंगून राहतो. विहीर बेताची खोल खणली तर हा थर हाती लागतो, अती खोल खणली किंवा अती उपसा केला तर खालचे खारे पाणी वर येते. बेताची खोली कुठे थांबते हे ज्यांनी ओळखले, त्यांच्या जाणकारीचे कौतुक मात्र केलेच पाहिजे. पाण्यामुळेच या किल्ल्यावर वस्ती टिकली आणि आजही काही कुटुंबे इथे राहतात, पावसाळ्यापूर्वी जिन्नस भरून ठेवतात आणि देवस्थानांची पूजाअर्चा चालू ठेवतात.

या देवस्थानांत शिवराजेश्वर मंदिराचे स्थान वेगळे आहे. स्वतः शिवाजी महाराजांची मूर्ती ज्यात पुजली जाते असे हे मंदिर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १६९५ मध्ये, बांधले गेल्याचे सांगितले जाते. मूर्ती बैठी असून चेहऱ्यावर दाढी नाही आणि डोक्यावरची टोपी नावाड्यांच्या टोपीसारखी आहे. चित्रांतून आणि पुतळ्यांतून परिचित झालेल्या प्रतिमेशी ती जुळत नाही, म्हणून भाविक क्षणभर गोंधळतात. करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, छत्रपती घराण्याचा या मंदिराशी संबंध राहिला आहे, कारण मराठी राज्याच्या दोन शाखा झाल्यावर हा किल्ला कोल्हापूरकडे आला. पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पण दुसऱ्याच वर्षी तहाने तो कोल्हापूरला परत करावा लागला. १८१२ च्या तहाने मालवण अखेर इंग्रजांकडे गेले. इंग्रजी कागदपत्रांत ‘मालवणी’ लोकांचा उल्लेख चाचे म्हणून येतो. ज्याच्या जहाजाला कर द्यावा लागतो तो कर घेणाऱ्याला चाचाच म्हणणार, हे लक्षात ठेवून ते कागद वाचावेत. जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथील बैठकीत युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत रायगड, राजगड, प्रतापगड यांसारख्या डोंगरी दुर्गांबरोबर खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राशी नाते सांगणारे चार किल्ले आहेत.

धक्क्यावर परतल्यावर बाजारपेठेतून पायी जावे. मोटारीने हा रस्ता पार केला तर हॉर्नशिवाय काहीच पदरात पडत नाही. जांभ्या दगडाच्या, म्हणजे स्थानिक बोलीत चिऱ्याच्या, भिंती आणि वर कौले असलेली जुनी घरे अजून मधूनमधून उभी आहेत आणि त्यांच्या ओटीवरच दुकाने थाटलेली आहेत. आगळ (कोकमाचा खारवलेला गडद रस), सुकी सोले, कुळथाची पिठी, काजूगर, फणसपोळी आणि मालवणी खाजे हा इथला ठरलेला माल. खाजे म्हणजे बेसनाच्या जाड शेवेच्या कांड्या तळून त्यांवर आले घातलेल्या गुळाच्या पाकाचा थर चढवलेला पदार्थ. जत्रेतून घरी परतणारा माणूस खाजे न घेता आला, तर घरात त्याचे स्वागत थंडच होते. मेढा भागातील जय गणेश मंदिर हे मालवणचे सुपुत्र जयंत साळगावकर यांनी उभारले. १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकेने मराठी घराघरांत तिथी पोचवली, तिचे ते संस्थापक; भरतीचा हिशेब तिथीवर करणाऱ्या गावातून असा माणूस निघावा, हा योगायोग म्हणायला हरकत नाही.

दुपारच्या जेवणाविषयी लिहिताना हात आखडता घेणे कठीण आहे. मालवणी जेवणाचा कणा म्हणजे भात, ओले खोबरे आणि मासळी, आणि त्यांना जोडणारे तिखट व आंबट. बांगडा किंवा तारलीसारख्या तेलकट, उग्र वासाच्या मासळीच्या तिखल्यात तिरफळे घालतात. तिरफळ हे काटेरी झाडाचे मिऱ्याएवढे सुगंधी फळ; त्याची बी काढून साल वापरतात, ठेचून आमटीत टाकतात आणि जिभेला किंचित बधिरपणा आणणाऱ्या त्याच्या वासाने माशाचा उग्रपणा दबतो. सुरमई किंवा सरंग्याला तिरफळ लावणाऱ्याला जुनी गृहिणी हसेल, कारण तिथे दाबायला उग्रपणाच नसतो. हा विवेक अलीकडच्या खाणावळींतून हरवत चालला आहे. सगळ्या मासळीला एकच लाल रस्सा आणि सगळ्या तुकड्यांना एकच रव्याचे पांघरूण, असा प्रकार वाढला आहे, आणि सुरमईच हवी म्हणणारा पर्यटक त्याला तितकाच जबाबदार आहे. त्याऐवजी आज बाजारात काय ताजे आले ते विचारावे. पेडवे, मुडदुशे, तिसऱ्या, खुबे ही नावे पाटीवर नसतात, पण विचारले तर मिळू शकतात, आणि स्वस्त पडतात. मासळी न खाणाऱ्यासाठी काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडे, आंबोळी, घावणे आहेतच. शेवटी सोलकढी : आमसूल आणि नारळाचे दूध यांची ही कढी तोंडी लावणे नव्हे, तर जेवण पचवण्याचा उपाय आहे, आणि ती भातावर घ्यावी की वाटीने प्यावी यावर मालवणात अजून एकमत झालेले नाही.

दुपारनंतर वारा समुद्राकडून फिरलेला असतो, म्हणून तारकर्लीच्या उघड्या किनाऱ्यापेक्षा देवबागची खाडीची बाजू अधिक सोयीची. मालवणच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर तारकर्ली आणि तिच्या पुढे देवबाग आहे. देवबाग ही वाळूची चिंचोळी पट्टी असून तिच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी वाहते, आणि टोकाशी दोन्ही एकत्र येतात. नदीने आणलेली वाळू लाटांनी किनाऱ्यालगत ढकलून अशी पट्टी तयार होते, आणि ज्या लाटांनी ती घडवली त्याच पावसाळ्यात ती खातातही. घरे वाचवण्यासाठी इथे दगडी बंधारे घालावे लागले आहेत. संगमाजवळ होडीतून डॉल्फिन दाखवण्याचा व्यवसाय चालतो. डॉल्फिन दिसावेत म्हणून होडीचा पाठलागाचा वेग वाढवायला नावाड्याला भाग पाडणे, हा पर्यटकांचा हट्ट मात्र सोडून देण्यासारखा आहे.

पाण्याखालचे मालवण हा स्वतंत्र विषय आहे. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ, म्हणजे सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींनी चुनखडीच्या सांगाड्यावर घडवलेले जिवंत आवरण, आढळते, आणि त्याच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून, ज्यात हस्तक्षेपाला सर्वांत कमी वाव आहे असा गाभा ३.१८ चौरस किलोमीटरांचा आहे. अभयारण्यामुळे पारंपरिक मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिकांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला. याच पाण्यात आज स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याचा खेळ, जोरात चालतो आणि अनेक गाबीत तरुणांची त्यावर चूल पेटते, त्यामुळे प्रश्न आणखी गुंतला आहे. पाणी नितळ असते ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आणि दिवसाच्या पूर्वार्धात. एका दिवसात किल्ल्याचा तट आणि स्कूबा हे दोन्ही करू म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा दोन्ही अर्धवट लागतात, म्हणून एक निवडावे. हा लेख तटाच्या बाजूने आहे.

ऊन कलले की पुन्हा बंदरावर यावे, कारण होड्या परतल्यावर मासळीचा लिलाव लागतो. लिलाव करणारा ढिगाभोवती जमलेल्या बायका-पुरुषांच्या घोळक्यात उभा राहून भराभर आकडे म्हणत जातो आणि परक्या माणसाला कोणी कधी बोली दिली ते कळत नाही. डोळ्याच्या किंवा बोटाच्या इशाऱ्यावर व्यवहार होतो आणि ढीग टोपलीत भरून चालूही लागतो. उभे राहायचे तर वाटेतून बाजूला उभे राहावे. इथून राजकोटची बाजू जवळ आहे. राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाच्या निमित्ताने, शिवाजी महाराजांचा पुतळा उभारण्यात आला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्या जागी २०२५ मध्ये नवा पुतळा उभा राहिला. या किनाऱ्यावर बांधकाम करणाऱ्याने खारा वारा आणि पावसाळी वादळ यांचा हिशेब आधी मांडावा लागतो, आणि तो कसा मांडावा याचा नमुना समोरच पाण्यात उभा आहे.

एका दिवसाच्या भेटीला न सापडणाऱ्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. नारळी पौर्णिमेला किल्ल्यावरून आणि बंदरावरून दर्याला नारळ अर्पण होतो आणि मासेमारीचा हंगाम खऱ्या अर्थाने उघडतो. दिवाळीच्या पाडव्याला ग्रामदैवत रामेश्वर आणि नारायण यांच्या पालख्या गाव फिरतात. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते, तिची तारीख पंचांगात छापलेली नसते, तर देवीचा कौल घेऊन ठरवली जाते. आणि हिवाळ्यात गावोगावच्या देवळांत रात्रभर दशावतारी नाटके चालतात. यांपैकी एकासाठी मुक्काम वाढवता आला तर वाढवावा.

मालवणला जाण्यासाठी कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक सोयीचे असून तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटरवर आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला; त्यातही भांगाच्या दिवसांत होडीची चढउतार सुखाची होते, तर उधाणाच्या दिवसांत ओहोटीला खडक आणि पद्मगडाची वाट उघडी पडते, म्हणून आपल्याला काय पाहायचे ते ठरवून तिथी निवडावी. जून ते ऑगस्ट या काळात खवळलेल्या समुद्रामुळे किल्ल्याच्या प्रवासी होड्या बंद असतात आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. त्या दिवसांत जाणाऱ्याने किल्ला मोरयाच्या धोंड्यापाशी उभे राहून पाहावा आणि ताज्या सुरमईचा आग्रह धरू नये.